'लई भारी' आणि अंगठे, पुढे काय करू?

पत्र असं आहे:

"ताई, मी कोल्हापुरात एका छोट्या कंपनीत यूआय डिझायनर आहे, ॲपचे स्क्रीन कसे दिसतील ते ठरवते. सध्या दूध संस्थांसाठी ॲप करतेय, म्हणजे शेतकऱ्याने सकाळ-संध्याकाळ घातलेलं दूध, त्याचं फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर आणि दहा दिवसांचं बिल त्याला मोबाइलवर दिसलं पाहिजे. मी स्क्रीन झाले की ऑफिसच्या आणि कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते, खाली लिहिते 'फीडबॅक प्लीज'. उत्तरं येतात 'लई भारी', 'नाद खुळा' आणि अंगठे. मग मीटिंगमध्ये संस्थेचे चेअरमन म्हणतात रंग जरा उठावदार करा आणि संस्थापकांचा फोटो मोठा घ्या, आमचे सिनियर म्हणतात काहीतरी मिसिंग आहे. मागच्या आठवड्यात त्यांनीच सगळ्यांसमोर 'हे कॉलेज प्रोजेक्ट वाटतंय' म्हटलं. घरी येऊन रडले. विचारायचं कसं आणि ऐकायचं कोणाचं? ता. क. बिहान्स, ड्रिबल या डिझायनरांनी आपलं काम दाखवायच्या साइटवर टाकलं तर बरा फीडबॅक मिळेल का? – गोंधळलेली, कोल्हापूर"

गोंधळलेली बाई,

आधी त्या रडण्याचं बघू कारण ते डोक्यात असताना बाकीचं काही आत जाणार नाही. 'कॉलेज प्रोजेक्ट वाटतंय' हा टोमणा आहे, त्यातून काही शिकायलाच पाहिजे असं बंधन तुझ्यावर नाही. सगळ्यांसमोर असं बोलणारा माणूस चुकला, विषय संपला. हां, आता तो रोज शेजारच्या टेबलावर बसतो आणि काम त्याच्यासोबतच करायचंय म्हणून एवढं करून बघ, दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला एकट्याला गाठून शांतपणे विचारायचं, "सर काल तुम्ही म्हणालात ना, तर कुठला भाग बघून तसं वाटलं, हा वरचा की खालची यादी?" बस्स एवढंच. खरंच काही दिसलं असेल तर तो बोट ठेवेल. आणि नुसतं बोलायचं म्हणून बोलला असेल तर "नाही तसं काही नाही, ओव्हरऑल" असं काहीतरी पुटपुटेल, मग तूही ते सोडून दे.

आता मुद्दा. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात ग्रुपवर टाकलेला तुझा प्रश्न आहे दोन शब्दांचा, 'फीडबॅक प्लीज'. अगं त्यात प्रश्नच नाहीये! समोरचा माणूस बसमध्ये आहे, जेवतोय, त्याच्या मोबाइलवर तुझा स्क्रीन येतो, कशासाठी आहे माहीत नाही, कोण वापरणार माहीत नाही, कच्चा आहे की फायनल माहीत नाही, तो बिचारा काय लिहिणार? एकाने 'लई भारी' लिहिलं की पुढचे सगळे तेच लिहितात कारण ग्रुपवर पहिल्याच्या विरुद्ध बोलायला कोणाला आवडतं. बरं शिवाय तुला वाईट वाटू नये हीसुद्धा त्यांना काळजी आहेच. तर ग्रुप बंद कर. म्हणजे ग्रुपवर गप्पा मार, पण कामाचं विचारायचं ते एकेकाला वेगळं.

आणि विचारायचं ते असं काहीतरी, तुझ्याच ॲपचं उदाहरण घेते:

"दादा, हा रोजच्या दुधाच्या नोंदीचा स्क्रीन आहे. बघणारा शेतकरी, बहुतेक पन्नाशीच्या पुढचा, डेअरीबाहेर उन्हात उभा राहून बघणार. रंग आणि आयकॉन अजून कच्चे आहेत, त्यावर आत्ता नको. मला अडलंय ते इथे, सगळ्यात वर मोठं काय घेऊ, फॅट की रक्कम? मी फॅट घेतलंय कारण दर त्यावर ठरतो. हे तुला कुठे खटकतंय का? उद्या दुपारपर्यंत सांगितलंस तर बरं, संध्याकाळी पुढे द्यायचंय."

बघ, यात फार काही नाहीये. कोण वापरणार, कुठे वापरणार, काय कच्चं आहे, काय अडलंय, तू काय ठरवलंयस आणि का, कधीपर्यंत पाहिजे. पण आता समोरचा 'लई भारी' लिहूच शकत नाही, लिहिलं तर त्यालाच विचित्र वाटेल. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला विचारशील तर 'हे आत्ता नको' हे आहे. लोकांना जे बोलायला सोपं असतं त्यावर ते बोलतात, आणि रंगावर बोलणं सगळ्यात सोपं. रंगाची वाट बंद केली की लोक मांडणीकडे बघायला लागतात. आणि एक, जे ठरून गेलंय ते विचारू नकोस. चेअरमननी लोगोचा हिरवा पक्का केलाय आणि बदलणार नाहीये तर 'हिरवा कसा वाटतो' विचारून दोघांचाही वेळ वाया, वर ज्याला विचारलंस तो म्हणणार सांगितलं तरी ऐकत नाही.

कच्चं दाखवायचं तर कच्चंच दिसलं पाहिजे हेही लक्षात ठेव. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सावल्या-बिवल्या देऊन, मोबाइलच्या चौकटीत बसवून पाठवलंस आणि खाली लिहिलंस 'रफ आहे', तर कोणाला ते रफ वाटणार नाही, मग एकतर कौतुक येतं नाहीतर 'हे दोन पिक्सेल डावीकडे घे'. मांडणीबद्दल विचारायचं असेल तेव्हा पेन्सिलने काढलेला कागद दाखव, लोक बिनधास्त बोलतात, कारण त्यांना दिसतं की अजून यात फार जीव ओतलेला नाही, बदलायला सोपं आहे. फक्त आकडे मात्र खरे टाक. म्हणजे 'म्हैस, सकाळ, ४.२ लिटर, फॅट ६.४, एसएनएफ ९.०' असं. सगळीकडे ०० किंवा लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायचा निरर्थक मजकूर, असेल तर गावातला माणूस वाचणारच नाही, आणि खोटे आकडे, म्हणजे गायीच्या दुधाला फॅट ९ वगैरे टाकलंस तर त्याचं सगळं लक्ष तिथेच जाईल, "हे कुठल्या गायीचं ओ?" आणि तुझा स्क्रीन राहिला बाजूला.

एकच स्क्रीन दाखवू नकोस, दोन-तीन दाखव. हे मी नुसतं अंदाजाने सांगत नाहीये. २००६ साली मरियम तोहिदी, बिल बक्स्टन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातलं तापमान कंट्रोल करायच्या यंत्रणेचे कागदी प्रोटोटाइप, म्हणजे कच्चे नमुने, लोकांना दाखवले होते, काहींना एकच डिझाइन, काहींना तीन वेगवेगळी. ज्यांनी एकच पाहिलं त्यांनी जास्त मार्क दिले आणि टीका करायला कचरले, ज्यांनी तीन पाहिली ते मोकळेपणाने उणीदुणी काढायला लागले. कारण उघड आहे ना, एकच असेल तर नाव ठेवलं की ते तुला नाव ठेवल्यासारखं होतं, तीन असतील तर 'हे त्याच्यापेक्षा बरं, पण याच्यात ते नाही' असं बोलता येतं. तुझ्या केसमध्ये एकात फॅट वर, एकात रक्कम वर, एकात नुसती डेअरीच्या पावतीसारखी सरळ ओळ. तिन्ही तू मनापासून केलेली पाहिजेत हां, एक चांगलं आणि दोन मुद्दाम वाईट असं केलंस तर लोकांना कळतं.

आता कोणाला विचारायचं. तुझ्या पत्रात चेअरमन आहेत, सिनियर आहेत, कॉलेजची मंडळी आहेत, आणि ज्याचं दूध आहे तो शेतकरी कुठेच नाहीये! मला हे वाचून जरा आश्चर्यच वाटलं, कारण कोल्हापुरात राहून दूध घालणारा माणूस शोधायला किती लांब जावं लागतं गं? कुठल्याही गावात सकाळी संकलन केंद्रावर जा, सेक्रेटरींना आधी फोन करून विचार, आणि गर्दी ओसरल्यावर एकेकाला बाजूला घे. फक्त 'आवडलं का?' हा प्रश्न तोंडातून काढू नकोस. 'आवडलं का' म्हटलं की आपल्याकडे माणूस 'चांगलं आहे की पोरी' असंच म्हणणार, वर चहा पाजणार. त्यापेक्षा मोबाइल त्याच्या हातात दे आणि काम सांग, "काल संध्याकाळी तुमचं फॅट किती लागलं ते यात शोधा बघू." आणि मग गप्प. तो कुठे बोट नेतो, कुठे थांबतो, चष्मा शोधतो का, मोबाइल लांब धरतो का, ते बघ. चुकीचं बटण दाबलं तरी मध्ये बोलायचं नाही, अगदी जीभ चावून बस.

दुसरा एक सोपा प्रकार, स्क्रीन पाच सेकंद दाखवायचा, झाकायचा, आणि विचारायचं काय काय दिसलं. जर तो म्हणाला "कोणाचा तरी फोटो होता" आणि रक्कम-फॅट काहीच आठवत नसेल तर तुला चेअरमनशी बोलायला मुद्दा मिळाला. त्यावर येतेच.

किती जणांना दाखवायचं हा प्रश्न नेहमी येतो. वापरायला सोप्या डिझाइनचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलेलं गणित बऱ्याच जणांना माहीत असतं, एक माणूस साधारण ३१ टक्के अडचणी दाखवून देतो, पाच माणसांत ८५ टक्क्यांच्या आसपास कळतात, पुढे तेच तेच दिसत राहतं. पण लोक यातलं अर्धंच सांगतात. ते गणित माणसाला काम देऊन बघण्याचं आहे, पाच जणांची मतं गोळा करायचं नाही. आणि पाच म्हणजे एका प्रकारचे पाच, तुझ्याकडे शेतकरी वेगळे आणि सगळ्यांच्या नोंदी-बिलं बघणारे सेक्रेटरी वेगळे, त्यांची कामंच वेगळी. शिवाय नील्सन यांचंच म्हणणं होतं की पंधरा जण मिळत असतील तर एकदम पंधरा नको, पाच जणांना दाखव, सुधार, पुन्हा पाच. हे सगळ्यात कामाचं आहे आणि हेच कोणी करत नाही, कारण सुधारायला वेळ ठेवलेलाच नसतो.

'आवडलं का' आणि 'ओळखलं का' यातला फरक किती महागात पडतो ते बघायचं तर अमेरिकेतलं ट्रॉपिकानाचं प्रकरण शोधून वाच. २००९ च्या जानेवारीत त्यांनी संत्र्याच्या ज्यूसचा खोका बदलला, संत्र्यात खुपसलेली स्ट्रॉ काढून ज्यूसचा ग्लास आणला, दिसायला स्वच्छ आणि आधुनिक वगैरे. पण दुकानात लोकांना आपला नेहमीचा खोका सापडेना, विक्री साधारण २० टक्क्यांनी घसरली आणि दोन महिन्यांच्या आत जुना खोका परत आणतोय असं जाहीर करावं लागलं. तुझ्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षं डेअरीची छापील पावती वाचायची सवय आहे, त्यात कुठल्या क्रमाने काय येतं हे त्याच्या डोळ्यांत बसलंय. तो क्रम मोडायचा असेल तर मोड, पण आधी ती पावती समोर ठेव आणि त्याला विचार की यात तुम्ही पहिलं काय बघता.

बरं, चेअरमन. क्लायंट म्हणजे पेशंटसारखा असतो, 'पोटात कसंतरी होतंय' म्हणतो आणि पाठोपाठ औषधाचं नावही स्वतःच सांगतो, डॉक्टरने पहिलं ऐकायचं आणि दुसरं तपासून घ्यायचं. 'संस्थापकांचा फोटो मोठा घ्या' हे त्यांनी सांगितलेलं औषध झालं. दुखतंय काय ते विचार. "साहेब, फोटो मोठा घ्यायचा म्हणताय तर शेतकऱ्याला त्यातून काय वाटावं असं तुमच्या मनात आहे?" बहुतेक उत्तर येईल की अहो हे ॲप आपल्या संस्थेचं आहे हे कळलं पाहिजे, नाहीतर लोक फसवणुकीचं समजून उघडायचे नाहीत. आणि ही काळजी अगदी खरी आहे! भलत्याच लिंकवरून पैसे जाण्याच्या गोष्टी ऐकून लोक घाबरलेले असतात. मग त्याचं उत्तर तू डिझायनर म्हणून दे, ॲप उघडताना पहिल्या स्क्रीनवर फोटो मोठा, बिलाच्या पीडीएफवर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक वर ठळक, आणि रोजच्या नोंदीच्या स्क्रीनवर फक्त छोटा लोगो, कारण तिथे जागा फॅटला पाहिजे. त्यांचा मान राहतो आणि तुझा स्क्रीनही वाचतो. तरीही हटून बसले तर तो पाच सेकंदांचा प्रयोग त्यांच्यासमोर दोन शेतकऱ्यांवर करून दाखव. माझा अनुभव आहे की डिझायनरने सांगितलेलं चेअरमन ऐकत नाहीत पण सभासदाने सांगितलेलं ऐकतात. (निवडणूक असतेच ना कधीतरी.)

'रंग उठावदार करा' पण तसंच. कदाचित त्यांना खरंच भडक रंग आवडतात. पण कदाचित त्यांना ते वाचता येत नाहीये आणि तसं सांगायला लाज वाटतेय. तू फिकट करड्या अक्षरांत तारखा लिहिल्या असशील, आपण सगळे डिझायनर लिहितो तसं, आणि साठीतल्या माणसाला त्या उन्हात दिसत नाहीत. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, मोजून बघ, डब्ल्यूसीएजी या सगळ्यांना वापरता येतील अशा वेबसाइटसाठीच्या नियमावलीच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ लागतो आणि मोठ्या अक्षरांना ३:१. ही गोष्ट मोजून कळते, त्यासाठी कोणाचं मत घ्यायची गरजच नाही.

खरं तर विचारायला जाण्याआधी जे स्वतः तपासता येतं ते तपासून जा, नाहीतर समोरच्याचा वेळ त्यातच जातो. देवनागरीचं तर खास बघ. इंग्रजीवर बसवलेली लाइन हाइट, म्हणजे ओळींमधलं अंतर, तशीच ठेवलीस तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात, बटणात 'र्कीं' सारखं काही आलं की वरचा भाग कापला जातो. फॉन्टमध्ये सोय असेल आणि भाषा मराठी लावली असेल तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे. लांबलचक नाव, जोडाक्षरांचं आडनाव टाकून बघ. फॅट वाढलं तर हिरवं आणि घटलं तर लाल एवढंच केलं असशील तर बाणही दे, कारण लाल-हिरव्यात फरक न कळणारे पुरुष बऱ्यापैकी असतात आणि तुझे युजर बरेचसे पुरुष आहेत. निदान खातं त्यांच्या नावावर असतं, गोठ्यात राबणारी बाई असते तो वेगळाच विषय, आणि खरं तर ॲप तिच्या हातातही देऊन बघच.

आकडे मराठी की इंग्रजी हा प्रश्न तुला पडला असेलच. डेअरीच्या मशीनवर आणि पावतीवर बऱ्याच ठिकाणी इंग्रजी आकडे असतात, लोकांना ते जुळवून बघायचं असतं, म्हणून मी असते तर इंग्रजी ठेवले असते. पण हे मी पुण्यात खुर्चीत बसून बोलतेय, तू केंद्रावर दोन्ही दाखव.

ऐकायचं कसं. समोरचा बोलायला लागला की तुझ्या तोंडून 'नाही ते मी असं केलं कारण' हे वाक्य येणार, शंभर टक्के येणार, सगळ्यांच्या येतं. ते गिळ. एकदा तू बाजू मांडायला लागलीस की समोरचा आवरतं घेतो आणि पुढच्या वेळी परत 'लई भारी'वर येतो. त्यापेक्षा वही काढ आणि तो बोलतोय ते त्याच्याच शब्दांत लिहून घे, 'गिचमिड वाटतंय' म्हणाला तर 'गिचमिड'च लिही, 'स्पेसिंग वाढवणे' असं लिहिलंस तर तो तुझा अर्थ झाला, कदाचित त्याला आकडे जास्त आहेत असं म्हणायचं असेल. लिहिताना आपोआप गप्पही बसता येतं. मध्ये विचारायचं ते एवढंच, 'कुठे?' आणि 'काय बघून तसं वाटलं?' सिनियरचं 'काहीतरी मिसिंग आहे' हे याच दोन प्रश्नांनी सुटतं किंवा मग सुटत नाही, नाही सुटलं तर बाजूला ठेव.

तुमच्या ऑफिसात थोडं ऐकून घेणारं वातावरण असेल तर अमेरिकेतल्या लिझ लर्मन नावाच्या नृत्यदिग्दर्शिकेची पद्धत सुचवून बघ, १९९० च्या सुमारास त्यांनी बसवलेली. आधी बघणारे सांगतात त्यांना काय लक्षात राहिलं, काय भिडलं. मग काम करणारा स्वतः प्रश्न विचारतो. मग बघणारे प्रश्न विचारतात, पण त्या प्रश्नात मत लपवायचं नाही, म्हणजे 'हा हिरवा एवढा भडक का' असं चालत नाही, 'हिरवा निवडताना काय विचार होता' असं विचारावं लागतं. आणि मत सगळ्यात शेवटी, तेही परवानगी मागून, "मला रंगाबद्दल एक मत आहे, सांगू का?" आपल्या मीटिंगांत हे जरा नाटकी वाटेल, पण प्रश्नातून मत काढून टाकायचा भाग एकटा घेतलास तरी फरक पडतो, आणि तू स्वतः दुसऱ्याच्या कामावर बोलशील तेव्हाही कर.

सगळं गोळा झालं की लगेच फिग्मा उघडू नकोस. एक रात्र जाऊ दे. मग ज्या गोष्टी शेतकऱ्याला काम करताना अडल्या त्या आधी कर, त्यात चर्चा नाही. संस्थेच्या कारभाराचं, दराचं, बिलाचं चेअरमन-सेक्रेटरी सांगतील ते खरं, त्यात तुझं किंवा सिनियरचं काही चालत नाही. फॉन्ट, अंतर, रंगसंगतीत सिनियरचं वजन जास्त. दोघे एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर बहुतेक वेळा ते वेगवेगळ्या माणसाचा विचार करून बोलत असतात, एकाच्या डोळ्यासमोर शेतकरी असतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यासमोर संस्थेची वार्षिक सभा. कोणासाठी बोलताय हे विचारलं की अर्धं भांडण मिटतं. आणि जे घेतलं नाहीस त्याचं कारण एका ओळीत लिहून ठेव, पुढच्या मीटिंगला तोच मुद्दा परत येतोच.

ज्याने वेळ दिला त्याला कळव की काय केलंस. "दादा तू म्हणालास तसं रक्कम खाली घेतली, आयकॉनचं मात्र तसंच ठेवलंय कारण केंद्रावर लोकांना कळले." दोन ओळी. पुढच्या वेळी तो जास्त नीट बघून बोलेल.

तुझ्या ता. क. चं, बिहान्स आणि ड्रिबल. टाक की, पोर्टफोलिओ म्हणून जरूर टाक, नोकरी बदलताना उपयोगी पडेल. पण तिथे बघणाऱ्यांनी डेअरीच्या रांगेत कॅन घेऊन कधी उभं राहिलेलं नसतं, तिथे चांगलं दिसतं त्याला लाइक मिळतात. त्यामुळे त्या मोबाइलच्या चौकटी आणि सावल्या तिथल्यासाठी राखून ठेव, आणि केंद्रावर जायच्या आधी सेक्रेटरींना फोन कर, वेळ बहुतेक सकाळी लवकरची मिळेल, तेवढी तयारी ठेव.

– तुझी ताई